सबुरी कोणाला सांगायची?

नवरा-बायकोचे बिनसले की धर्माच्या माणसाकडे जावे की नाही, यावर आपल्याकडे दोनच मते ऐकू येतात. पहिले मत असे की घरात श्रद्धा असली की संसार मोडत नाही. हल्लीच्या पोरांना देव नको झालाय, म्हणून कोर्ट लागते. दुसरे मत असे की महाराज, पाद्री, मौलवी यांना माणसाच्या मनातले काय कळते. तज्ज्ञाकडे जा, नाहीतर सरळ वकील गाठा. दोन्ही मते ठाम आहेत आणि दोन्ही उथळ आहेत. दोघांचीही नजर सल्ला देणाऱ्याच्या वेषावर खिळलेली असते. सल्ला नेमका कोणाला दिला जातोय, हे कोणी बघत नाही.

माझे म्हणणे असे आहे. श्रद्धेच्या आधाराने होणाऱ्या समुपदेशनाला संसारात खरे काम आहे आणि ते इतर कोणाला सहजी जमणारे नाही. मात्र जोडप्याला कसेही करून एका छपराखाली ठेवणे हे ते काम नव्हे. घरात ज्याचा वरचष्मा आहे त्याला आवरणे, आणि जो दबलेला आहे त्याला न भिता बोलू देणे, एवढेच ते काम आहे. धर्माचा अधिकार वरचढ माणसावर चालला तर त्याला समुपदेशन म्हणावे. तोच अधिकार दबलेल्यावर चालला तर ते आणखी एक दडपण होते, आणि देवाच्या नावाचे असल्यामुळे झुगारायला सर्वांत कठीण. आपल्याकडे तो बहुतेक वेळा दबलेल्यावरच चालवला जातो. ही माझी तक्रार आहे.

१. कोर्ट जवळ, तरी पाऊल घाटाकडे

या प्रश्नाचा विचार करायला जबलपूर मुद्दाम निवडावे असे शहर आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले आणि मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय जबलपूरला आले. त्याच्या कितीतरी आधी, १९०४ मध्ये सुरू झालेल्या तोफगाडी कारखान्यामुळे आणि रेल्वेमुळे बाहेरगावची माणसे इथे येऊन स्थिरावू लागली होती. त्यांत मराठी घरेही होती. १९२३ पासून इथे पाद्री घडवणारे लिओनार्ड थिऑलॉजिकल कॉलेज आहे, १९५४ पासून कॅथलिक धर्मप्रांत आहे. नर्मदेचा ग्वारीघाट आहे, परिक्रमेला निघालेली माणसे आहेत, आश्रम, मशिदी, जैन मंदिरे आहेत. कुटुंब न्यायालय, महिला पोलीस ठाणे आणि परिवार परामर्श केंद्रही आहे. भांडण घेऊन जायला जागांची वानवा नाही.

तरीही पाऊल आधी कुठे वळते? गुरुजींकडे, फादरांकडे, सत्संगातल्या एखाद्या ताईंकडे. याला केवळ अंधश्रद्धा म्हणून मोकळे होणे हा आळस आहे. तिथे फाइल उघडत नाही, फी पडत नाही, शेजारी विचारतील अशी पोलिसांची गाडी दाराशी येत नाही. आणि सर्वांत मोठे कारण, जे सुशिक्षित टीकाकारांच्या लक्षातच येत नाही, ते असे की तिथे नवरा येतो. मानसोपचारतज्ज्ञाचे नाव काढले की ‘मी काय वेडा आहे का’ म्हणणारा माणूस महाराजांनी बोलावले तर अंघोळ करून, नारळ घेऊन हजर होतो.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी २९.३ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचे सांगितले. त्याच पाहणीत हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी कोणाकडे तरी मदत मागणाऱ्या निघाल्या फक्त १४ टक्के. म्हणजे बहुतेकींचे तोंडच उघडत नाही. जिथे ते उघडण्याची थोडीफार शक्यता आहे, ती देवळाची ओसरी किंवा चर्चचे कार्यालय ‘अशास्त्रीय’ म्हणून बंद करा असे म्हणणाऱ्याने आधी पर्यायी ओसरी दाखवावी.

२. ‘संसार टिकला’ हे माप कोणाचे?

धर्मसंस्था आपले यश कशावर मोजतात? जोडपे परत एकत्र राहू लागले यावर. कीर्तनात, प्रवचनात, साक्षी सांगण्याच्या सभेत हीच गोष्ट सांगितली जाते: घटस्फोटाचे कागद तयार होते आणि आता दोघे जोडीने सेवेला येतात. टाळ्या पडतात. घरात काय बदलले हे कोणी विचारत नाही, कारण एकत्र राहणे डोळ्यांना दिसते आणि भीती दिसत नाही.

हे माप किती जुने आहे आणि त्याने काय केले, हे आपल्या कायद्यातच वाचता येते. रुसून गेलेल्या जोडीदाराला ‘नांदायला ये’ असा हुकूम देण्याची तरतूद इंग्रजांच्या चर्च-न्यायालयांतून आली. विवाह हे पवित्र बंधन, म्हणून न्यायालयाने ते सांधावे, ही मूळ कल्पना. १८८४ मध्ये दादाजी भिकाजी यांनी याच तरतुदीखाली मुंबईत आपल्या पत्नी रखमाबाईंवर दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला. १८८७ मध्ये मात्र हुकूम सुटला की नवऱ्याकडे जा, नाहीतर तुरुंगात जा. रखमाबाई तुरुंग पत्करायला तयार झाल्या. १८८८ मध्ये तडजोड झाली आणि पुढे त्या इंग्लंडमध्ये शिकून डॉक्टर झाल्या. त्या काळच्या सनातनी वृत्तपत्रांना यात धर्म बुडताना दिसला. गंमत अशी की ज्याला ते आपला धर्म समजून राखू पाहत होते, ती परक्या चर्चची न्यायपद्धती होती. इंग्लंडने ही तरतूद १९७० मध्ये काढून टाकली. आपल्या हिंदू विवाह कायद्यात ती कलम ९ म्हणून आजही आहे आणि १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वैधही ठरवली.

माझा मुद्दा कलम ९ रद्द करावे की ठेवावे हा नाही. समेट हेच एकमेव ध्येय मानले की देव असो वा न्यायाधीश, दोघेही शेवटी एकाच वाक्यावर येतात: ‘परत जा.’ आणि हे वाक्य जिला उद्देशून असते, ती बहुतेक वेळा घराबाहेर पडण्याचे धाडस एकदाच करू शकलेली असते.

३. गुरूची आज्ञा आणि तिची किंमत

आपल्या परंपरेतला सर्वांत गाजलेला वैवाहिक सल्ला कोणता असेल, तर तो काशीच्या गुरूने विठ्ठलपंतांना दिलेला. परंपरा सांगते ती कथा सर्वांना ठाऊक आहे. विठ्ठलपंत घर सोडून काशीला गेले, बायको नाही असे सांगून संन्यास घेतला. पुढे गुरू आळंदीला आले, पाया पडणाऱ्या रुक्मिणीला पुत्रवती होण्याचा आशीर्वाद दिला आणि मग त्यांना खरी हकिकत कळली. ते माघारी गेले आणि शिष्याला आज्ञा केली, घरी जा.

या कथेकडे आपण ज्ञानेश्वरांच्या जन्माची प्रस्तावना म्हणून बघतो. समुपदेशन म्हणून बघितले तर दोन गोष्टी दिसतात. पहिली गोष्ट फार मोलाची आहे: गुरूने रुक्मिणीला सबुरी सांगितली नाही. ‘नवरा देवाच्या वाटेला लागला, तू धन्य’ असे म्हणून तिची बोळवण केली नाही. ज्याने खोटे बोलून पळ काढला होता त्याच्यावर आपला अधिकार चालवला, आणि तोही संन्यासासारख्या पवित्र गोष्टीच्या विरोधात. (आजच्या कायद्यात जोडीदाराने संन्यास घेणे हे घटस्फोटाचे स्वतंत्र कारण आहे, आणि गमतीचा भाग असा की त्या कारणासाठी अर्ज असेल तर समेटाचा प्रयत्न करण्याचे बंधन न्यायालयावर नाही.)

दुसरी गोष्ट तितकीच कडू आहे. आज्ञा देऊन गुरू काशीत राहिले. संन्याशाने संसार मांडला म्हणून वाळीत टाकले गेले ते विठ्ठलपंत आणि रुक्मिणी, मुंज नाकारली गेली ती त्यांच्या मुलांची, आणि देहान्त प्रायश्चित्त घेतले तेही या दोघांनीच. सल्ला योग्य होता, पण सल्लागार पाठीशी नव्हता. आजही हेच घडते. ‘परत जा, सगळे ठीक होईल’ असे सांगणाऱ्याला रात्री अकरा वाजता त्या घरात काय चालले आहे हे बघायला जावे लागत नाही. म्हणून योग्य दिशेला चाललेला अधिकारही अपुरा आहे. सल्ल्याच्या परिणामात सल्लागाराचा वाटा असला पाहिजे.

दुसरे उदाहरण शिऊरच्या बहिणाबाईंचे, १६२८ ते १७०० या काळातले. आपल्या संसाराची हकिकत स्वतः अभंगांत सांगणारी ही बाई. पाचव्या वर्षाच्या सुमारास तिशीतल्या बिजवराशी लग्न. कोल्हापुरात जयरामस्वामींच्या कीर्तनाला ती वासरू घेऊन बसायची, स्वामींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, गावात बोलबाला झाला आणि नवऱ्याचे डोके फिरले. त्याने तिला बांधून मारले. पुढे तिने तुकोबांना गुरू मानले, तेव्हा ब्राह्मणाच्या बायकोने शूद्राला गुरू करावे हे तर त्याला सोसणेच शक्य नव्हते. गरोदर बायकोला टाकून निघून जायचे त्याने ठरवले आणि तो आजारी पडला. त्या आजारात एका वृद्ध ब्राह्मणाने त्यालाच जाब विचारला, असे बहिणाबाई सांगतात: हिचा दोष काय? तिथून तो बदलला आणि दोघे देहूला गेले.

इथे मला दोन्ही श्रद्धा एकाच घरात दिसतात. पतिव्रताधर्म सांगणारे, नवऱ्याची सेवा हाच देव मानणारे अभंगही बहिणाबाईंनीच लिहिले आहेत. तिच्या पाठीवर वळ उठत होते तेव्हा तिला गप्प बसवणारा धर्म तिच्याच मनात होता, आणि तुकोबांकडे ओढणारा धर्मही तिच्याच मनात होता. सुटका मात्र कशाने झाली? तिच्या सबुरीने नाही. जाब नवऱ्याला विचारला गेला, म्हणून.

श्रद्धेची खरी ताकद इथेच आहे. ज्याच्यापुढे घरात कोणी ब्र काढत नाही, तोही कोणापुढे तरी वाकलेला असतो. कायदा त्याचा हात धरू शकतो, दंड करू शकतो. त्याला स्वतःची लाज वाटायला लावणे कायद्याच्या हातात नाही. गुरूच्या, फादरच्या, काझीच्या हातात ते काही प्रमाणात असते. हे भांडवल असलेला माणूस ते खर्च कशावर करतो? बायकोला सोळा सोमवार सांगण्यावर.

४. बैठक कशी बसते ते बघा

नेहमीची बैठक डोळ्यांपुढे आणा. सतरंजीवर नवरा, त्याच्या शेजारी त्याची आई, थोडी मागे सरकून बायको. माहेरचे कोणी नाही, कारण ‘उगाच गर्दी नको’. पहिला प्रश्न तिला: ‘बोल बेटा, काय त्रास आहे?’ ती सासूकडे बघते, पदर बोटाला गुंडाळते आणि म्हणते, ‘तसं काही नाही, थोडं रागावतात.’ मग उपाय. तिला व्रत, पारायण, राग आला की उलट न बोलता नामस्मरण. त्याला जाता जाता, ‘तू पण जरा समजून घेत जा.’ दर्शन, प्रसाद, समेट.

या बैठकीतली प्रत्येक गोष्ट चुकीची आहे आणि ती दुरुस्त करायला परदेशी पुस्तक लागत नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणाऱ्या २००५ च्या कायद्याचे २००६ चे नियम उघडले तरी पुरे. समुपदेशनात हिंसेचे समर्थन करू दिले जाणार नाही, हे प्रतिवादीला आधी सांगावे. हिंसा पुन्हा करणार नाही, अशी हमी त्याच्याकडून घ्यावी. समुपदेशक शक्यतो स्त्री असावी आणि त्या प्रकरणात तिचे हितसंबंध नसावेत. तडजोडीचा प्रयत्न पीडितेला हवा असेल तर. या चार गोष्टी मठात, मशिदीत, चर्चमध्ये पाळायला कोणत्या शास्त्राची आडकाठी आहे?

उलट शास्त्रे याहून कडक आहेत. कुराणाच्या चौथ्या अध्यायातली पस्तिसावी आयत बेबनावाच्या वेळी दोन मध्यस्थ नेमायला सांगते, एक त्याच्या घरचा आणि एक तिच्या घरचा. आपल्या सतरंजीवर तिच्या घरचे कोणी नव्हते, हे आठवा. कॅथलिकांना लग्न अतूट वाटते, तरी पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या आपल्या पत्रात लिहिले की अत्याचारापासून जोडीदाराला आणि मुलांना वाचवण्यासाठी वेगळे होणे कधी कधी नैतिकदृष्ट्या आवश्यकही ठरते.

आणि क्षमा. धर्माच्या समुपदेशनातला हा सर्वांत लाडका आणि सर्वांत जास्त बिघडवलेला भाग. ‘माफ कर, मन मोठं कर’ हे तिला सांगितले जाते. पण कोणत्या धर्मात क्षमेची सुरुवात दुखावलेल्यापासून होते? चर्चच्या पापनिवेदनात आधी पश्चात्ताप, मग कबुली, मग भरपाई. इस्लामी तौबेत दुसऱ्या माणसाचा हक्क मारला असेल तर तो त्याला परत केल्याशिवाय तौबा पुरी होत नाही. जैनांच्या क्षमापनेत क्षमा मागावी लागते. प्रायश्चित्त ज्याने केले त्याने घ्यायचे, ही तर आपल्या आजीलाही माहीत असलेली गोष्ट. तेव्हा नवऱ्याने कबूल करण्याआधी बायकोकडून क्षमा वसूल करणारा समुपदेशक आधुनिकतेच्या दृष्टीने चुकतो हे बाजूला ठेवू. तो स्वतःच्या धर्मालाच सोडून वागतो.

५. यावर येणारे आक्षेप

पहिला आक्षेप श्रद्धाळूंचा: तुम्ही वेगळे होण्याची वाट दाखवलीत की कोणी टिकवायचा प्रयत्नच करणार नाही. अनुभव याच्या उलट सांगतो. ज्या खोलीत ‘नाही जमत’ हे वाक्य उच्चारता येते, तिथेच ‘जमवून बघू’ या वाक्याला वजन येते. दार बाहेरून लावलेले असताना आत थांबलेल्या माणसाची निष्ठा कशी मोजणार?

दुसरा आक्षेप: प्रत्येक घरात मारहाण नसते, आणि दबलेली नेहमी बाईच असते असेही नाही. दोन्ही मान्य. अबोला, पैसा, मूल न होणे, सासरची ढवळाढवळ, एकाची बदली आणि दुसऱ्याची नोकरी, यांनी पोखरलेले संसारच जास्त. तिथे एकत्र प्रार्थना, जोडीने केलेली परिक्रमेची वाट यांनी खरोखर गाठी सुटू शकतात. म्हणूनच वरचढ कोण हे बाई-पुरुष यावरून ठरवू नये. पैसा कोणाच्या हातात आहे, फोन कोणाचा तपासला जातो, आवाज चढला की कोणाचे बोलणे थांबते, हे दोघांना वेगवेगळे बसवून विचारावे. अर्ध्या तासात उत्तर मिळते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो आणि तो जबलपुरातल्या मराठी माणसाला लगेच पटेल: छोट्या समाजात गुपित राहत नाही. मंदिरात सांगितलेले हळदीकुंकवात पोहोचते. वकिलाशी झालेल्या बोलण्याला आपला पुराव्याचा कायदा संरक्षण देतो. धर्मगुरूशी झालेल्या बोलण्याला देत नाही. कॅथलिक पाद्री पापनिवेदन फोडू शकत नाही, त्याला धर्माचेच बंधन आहे. पण कार्यालयात बसून केलेल्या सल्लामसलतीला तेही पूर्ण लागू नाही, आणि आमच्या महाराजांना तर कोणतेच नाही. यावर माझ्याकडे सोपे उत्तर नाही. निदान असे करता येईल की आपल्या मंडळातल्या जोडप्याला आपल्याच मंडळात सल्ला देऊ नये, नागपूरच्या किंवा भोपाळच्या माणसाकडे पाठवावे. दुसऱ्या गावाची परकी नजर इथे सोयीची पडते.

दोन धर्मांच्या जोडप्याचे काय, हाही प्रश्न येतो. मध्य प्रदेशात २०२१ च्या कायद्याने धर्मांतर करू इच्छिणाऱ्याला ६० दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्याला कळवायला सांगितले. ही अट मोडली म्हणून स्वेच्छेने लग्न करणाऱ्या सज्ञानांवर सक्तीची कारवाई करू नका, असा अंतरिम आदेश जबलपूरच्या उच्च न्यायालयानेच नोव्हेंबर २०२२ मध्ये दिला. इतके सोसून लग्न केलेल्या जोडप्याचे पुढे बिनसले की दोन्हीकडचे लोक ‘आम्ही सांगितले होते’ एवढेच म्हणतात. त्यांना एकच गुरू मिळणार नाही. दोन बाजूंचे दोन मध्यस्थ, ही आयतीतली रचना त्यांच्याच सर्वांत उपयोगाची आहे.

६. गादीवर कोण बसते?

या सगळ्यातली एक गोष्ट रचनेची आहे, उपदेशाने ती सुटणार नाही. सल्ला देणाऱ्या गाद्या जवळजवळ सगळ्या पुरुषांच्या आहेत. भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाने २०१३ मध्ये स्त्रियांच्या शरियत अदालती सुरू केल्या आणि पुढे स्त्री काझींना प्रशिक्षण दिले. धर्म सोडला नाही, फक्त गादीवर बाई बसवली. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की फतव्याला कायद्याचे बळ नाही. म्हणजे या अदालती असोत की मुफ्ती, आज्ञा कोणाचीच सक्तीची नाही. जो विश्वास कमावेल त्याचे ऐकले जाईल. हिंदू मंडळांनी आणि चर्चनी यातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे, पण शिकण्याची घाई कोणाला दिसत नाही.

वाचकांना एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २३ नुसार, प्रकरण कोर्टात गेल्यावरही समेटासाठी न्यायालय ते जास्तीत जास्त १५ दिवस पुढे ढकलून, दोघांनी नाव दिलेल्या व्यक्तीकडे सोपवू शकते. ती व्यक्ती तुमचे गुरुजी असू शकतात, सत्संगातल्या ताई असू शकतात. नाव देण्याआधी त्यांना तीन प्रश्न विचारा. आम्हा दोघांना वेगवेगळे भेटाल का? तिने ‘परत जायचे नाही’ म्हटले, तर तसा अहवाल कोर्टाला द्याल का? आणि परत गेल्यावर हात उगारला गेला, तर फोन केल्यावर याल का? तीनही प्रश्नांना सरळ ‘हो’ आले नाही, तर नमस्कार करा, प्रसाद घ्या आणि नाव दुसऱ्याचे द्या. हात आजच उगारला जात असेल, तर यातले काहीच करत बसू नका. १८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक आहे, तिथे फोन करा.